अ‍ॅनाची फाइल

पासपोर्टवरचा फोटो दुसऱ्याच मुलीचा होता. फोटोतल्या मुलीला केस होते, हिचं डोकं त्वचेच्या रोगामुळे भादरलेलं होतं. म्हणून हिच्या डोक्यावर केसांचा टोप चढवला होता. २४ एप्रिल १९९९ रोजी अशा अवतारात ती पॅरिसहून लंडनला आली. वय सात वर्षं. कागदोपत्री नाव अ‍ॅना. आईबापांनी ठेवलेलं नाव व्हिक्टोरिया क्लिंबिए.

सोबतची बाई मारी-तेरेझ कुआओ ही तिच्या वडिलांची आत्या की मावशी, हे कागद सांगत नाहीत. इंग्रजीला आणि फ्रेंचला त्या भेदाशी कर्तव्य नसतं. आपल्या हिशेबाने ती मुलीची आजी लागली. इंग्लंडमध्ये मात्र तिने सगळीकडे 'मी हिची आई' असंच सांगितलं. फ्रान्समध्ये राहणारी ही बाई ऑक्टोबर १९९८ मध्ये भावाच्या अंत्यविधीसाठी आयव्हरी कोस्टला गेली होती. एखादं पोर शिकायला माझ्याकडे पाठवा, त्याचं भलं होईल, असं तिने नातेवाइकांना सांगितलं. अबिजान शहरालगतच्या अबोबोमध्ये राहणाऱ्या क्लिंबिए कुटुंबात सात मुलं होती, व्हिक्टोरिया पाचवी. ही रीत आपल्याला परकी नाही. कोकणातल्या किती घरांतलं एखादं पोर मुंबईच्या काकाकडे शाळेसाठी गेलेलं आहे, आणि बहुतेकांचं बरंच झालेलं आहे. आईबापांनी विश्वास टाकला, यात त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. आधी अ‍ॅना नावाची दुसरीच मुलगी न्यायची ठरली होती. तिच्या आईबापांचा विचार बदलला आणि तिच्या नावावर व्हिक्टोरिया निघाली.

दहा महिन्यांनी, २५ फेब्रुवारी २००० रोजी दुपारी सव्वातीन वाजता, ती लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात वारली. शवविच्छेदनात तिच्या अंगावर १२८ जखमा आणि व्रण मोजले गेले.

या दहा महिन्यांत तिची वर्दी कुणाकुणाकडे गेली होती? चार नगरपालिकांची समाजसेवा खाती, तीन घरवाटप विभाग, पोलिसांची दोन बालसंरक्षण पथकं, दोन रुग्णालयं, आणि वर एका नामांकित बालरक्षण संस्थेचं केंद्र. 'कुणाला कळलंच नाही हो' असं म्हणायची सोयच नाही. कळलं होतं, प्रत्येकाला थोडं थोडं कळलं होतं. म्हणून तर हे प्रकरण पंचवीस वर्षांनंतरही पुन्हा उघडून वाचावंसं वाटतं. ज्या सोशल वर्कर, पोलीस आणि डॉक्टर या गोष्टीत येतात त्यांची नावं चौकशी अहवालात आहेत. इथे ती मुद्दाम घेत नाही. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर वेगळं घडलं असतं, याची मला खात्री नाही.

पहिली फाइल उघडली ती ईलिंगमध्ये. लंडन म्हणजे एक महापालिका नव्हे. शहराचे तीसेक तुकडे, त्यांना म्हणतात बरो, आणि प्रत्येक बरोचा कारभार आपापला. लंडनला उतरल्यावर तिसऱ्याच दिवशी कुआओ ईलिंगच्या बेघरांसाठीच्या कचेरीत हजर झाली. फ्रान्समधून नुकती आलेली बाई, राहायला जागा नाही, पदरात मूल. मग समाजसेवा खात्याने खोलीचं भाडं आणि थोडे पैसे द्यायला सुरुवात केली. पुढच्या दोन-अडीच महिन्यांत कुआओने त्या खात्यात १४ खेपा घातल्या. त्यातल्या किमान सात खेपांना मुलगी बरोबर होती. बाई नीटनेटकी, कपडे टापटीप. मुलगी दुष्काळनिधीच्या जाहिरातीतल्या पोरांसारखी दिसत होती, असं एका कर्मचारिणीने पुढे चौकशीत सांगितलं. म्हणजे डोळ्यांनी पाहिलं होतं. पण समोरचा अर्ज घरासाठी होता, म्हणून फाइल घराची झाली. मूल हे त्या अर्जाला जोडलेलं एक कारण होतं, रेशनकार्डावरच्या नावासारखं. ते शाळेत का जात नाही, असं कुणी विचारलं नाही. व्हिक्टोरिया इंग्लंडमध्ये एकही दिवस शाळेत गेली नाही. फ्रान्समध्ये ती जात होती, आणि तिथल्या शाळेने तिच्या गैरहजेरीवरून धोक्याची सूचनाही दिली होती. ती सूचना समुद्र ओलांडून आली नाही.

ईलिंगने दिलेली खोली होती शेजारच्या ब्रेंट बरोच्या हद्दीत. त्यामुळे पैसे एकाचे, पत्ता दुसऱ्याचा. १८ जूनला एका नात्यातल्या बाईने, सार्वजनिक फोनवरून, ब्रेंटला कळवलं की या पोरीचे हाल चाललेत, जरा बघा. काही आठवड्यांनी खात्याचं माणूस त्या दारावर गेलं तोवर बिऱ्हाड हललं होतं. कुआओची १४ जूनला बसमध्ये कार्ल मॅनिंग नावाच्या ड्रायव्हरशी ओळख झाली होती, आणि ६ जुलैला ती मुलीसह त्याच्या टॉटनहॅममधल्या एका खोलीच्या घरात राहायला गेली. टॉटनहॅम येतं हॅरिंगे बरोमध्ये. तिसरी हद्द.

इथे जरा मागे जायला हवं, कारण ही सगळी खाती, नोंदवह्या, बैठका आभाळातून पडलेल्या नव्हत्या. त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या मुलाच्या मरणानंतर आलेली आहे.

९ जानेवारी १९४५. श्रॉपशरमधल्या एका शेतघरात डेनिस ओनील हा बारा वर्षांचा मुलगा मेला. वेल्समधल्या न्यूपोर्ट नगरपालिकेने त्याला आणि त्याच्या भावाला तिथे सांभाळायला ठेवलं होतं. मूल न्यूपोर्टचं, शेत श्रॉपशरचं. लक्ष कुणी ठेवायचं यावर दोन कचेऱ्यांची पत्रापत्री चालली होती. डिसेंबरात न्यूपोर्टची एक कारकून बाई जाऊन आली होती. मुलाला ताबडतोब हलवा, असं तिने लिहून दिलं होतं. हलवण्याआधी पालक बापाने त्याला मारून टाकलं. सर वॉल्टर मंक्टन यांची चौकशी झाली, आणि तीन वर्षांनी १९४८ चा मुलांचा कायदा आला. प्रत्येक स्थानिक सरकारात मुलांसाठी वेगळं खातं निघालं ते तेव्हापासून. ही बातमी अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्याही डोक्यात राहिली होती. तिच्यावरून १९४७ मध्ये तिने एक रेडिओ नाटिका लिहिली आणि तिचंच पुढे 'द माउसट्रॅप' झालं. १९५२ पासून लंडनमध्ये त्या नाटकाचे प्रयोग होताहेत. तिकीट काढून येणाऱ्या किती लोकांना डेनिस ठाऊक असेल, कोण जाणे.

त्यानंतर मारिया कॉलवेल. ब्रायटन, ७ जानेवारी १९७३, वय सात. पाच वर्षांहून जास्त काळ ती नातलगांकडे सुखात वाढली होती. मग सख्ख्या आईचा हक्क म्हणून तिला आईच्या आणि सावत्र बापाच्या घरी परत दिलं. शेजारपाजारच्या बायका तक्रारी करून थकल्या: पोर वाळलीय, अंगावर वळ आहेत, तिच्याकडून कोळशाचं ओझं ओढून घेतात. अखेर सावत्र बापाने मारलेली ही मुलगी बाबागाडीत घालून त्यांनी रुग्णालयात नेली. १९७४ च्या चौकशी अहवालाचं म्हणणं असं की माहिती होती, पण शाळेची शाळेकडे, पोलिसांची पोलिसांकडे, खात्याची खात्याकडे. त्यावर उपाय म्हणून धोक्यातल्या मुलांची नोंदवही आली, सगळ्या खात्यांची एकत्र बैठक घ्यायची पद्धत आली. बैठकीचं इतिवृत्त आलं. इतिवृत्ताच्या प्रती आल्या.

मग काटा उलट फिरला. १९८७ मध्ये ईशान्येकडच्या क्लीव्हलंड परगण्यात दोन डॉक्टरांच्या निदानावरून थोड्या महिन्यांत १२१ मुलांवर लैंगिक अत्याचाराचा संशय घेतला गेला, आणि त्यांतल्या पुष्कळांना घरातून उचललं. गहजब झाला. बहुतेक मुलं परत घरी गेली आणि एलिझाबेथ बटलर-स्लॉस यांच्या चौकशीने खात्याच्या घाईवर बोट ठेवलं. सोशल वर्करची अवस्था 'धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं' अशी झाली. आपल्याकडचा वाचक ही खाती ओळखतो ते मुख्यतः या दुसऱ्या बाजूने: परदेशात भारतीय जोडप्याची मुलं सरकारने उचलली, दिल्लीपर्यंत आरडाओरडा झाला, २०२३ मध्ये त्यावर राणी मुखर्जीचा 'मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे' आला. तो राग खोटा नाही. पण न उचललेल्या मुलावर सिनेमा निघत नाही, हेही खरं.

क्लीव्हलंडनंतर दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, नवा कायदा झाला. त्याने कामाचे दोन कप्पे केले. कलम १७ खाली 'गरजू' मूल: त्याच्या घराला मदत करा. कलम ४७ खाली गंभीर इजेचा संशय असलेलं मूल: त्याची चौकशी करा. कागदावर चोख. प्रत्यक्षात फाइल उघडताना कारकुनाच्या हातून ती ज्या कप्प्यात पडली, तिथेच ती वाढू लागली. अ‍ॅनाची फाइल पडली होती पहिल्या कप्प्यात.

१३ जुलै १९९९ च्या रात्री कुआओने मुलीला एका ओळखीच्या बाईकडे नेऊन सोडलं. ही बाई घरी मुलं सांभाळायची; सरकारी नोंदणी नव्हती. हिला कायमचीच ठेवून घे, असं कुआओचं म्हणणं होतं. बाई म्हणाली, रात्रीपुरती ठेवते. मग उजेडात मुलीकडे पाहिलं आणि ती हादरली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मुलीने पोरीला सेंट्रल मिडलसेक्स रुग्णालयात नेलं. तडक, कुणी न सांगता, योग्य ते या दोघींनी केलं.

तिथल्या एका डॉक्टरणीने पोरीला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं, माणसाच्या आकृतीवर एकेक खूण काढली, आणि हा मारहाणीचा प्रकार दिसतो असं लिहिलं. ब्रेंटला फोन गेला. ब्रेंटच्या पोलीस अधिकारी बाईने कायद्याने मिळालेला ७२ तासांचा अधिकार वापरून मुलीला पोलीस संरक्षणाखाली घेतलं. संरक्षण फोनवरून झालं. ती रुग्णालयात आली नाही. ब्रेंटची सोशल वर्करही आली नाही.

संध्याकाळी वरिष्ठ डॉक्टरांनी तपासलं. त्यांचं निदान: खरूज. पोरीने खाजवून खाजवून अंग ओरबाडलंय.

खरूज तिला होतीही. पण खरूज असलेल्या मुलाला कुणी मारत नाही असं थोडंच आहे? तरी 'खरूज' हा शब्द रुग्णालयातून बाहेर पडला आणि त्याने बाकी सगळं पुसलं. कनिष्ठ डॉक्टरने सोशल वर्करला कळवलं की शारीरिक छळाचा विषय नाही. दुसऱ्या दिवशी संरक्षण उठलं आणि १५ जुलैला कुआओ मुलीला घेऊन गेली. वरिष्ठ डॉक्टरांच्या मनात असं की वैद्यकीय बाजू मी सांगितली, घरची चौकशी सोशल वर्कर करतीलच. सोशल वर्करच्या मनात असं की एवढ्या मोठ्या डॉक्टरने सांगितलंय, आता कसली चौकशी. दोघांनाही आपापल्या जागी आपलं काम झालं असं वाटलं, आणि दोघांच्या मधल्या फटीतून मूल खाली गेलं. मला या प्रकरणातली सगळ्यात अंगावर येणारी जागा हीच वाटते. पुढची क्रूरता मनुष्यस्वभावातली आहे. ही फट मात्र चांगल्या माणसांनी मिळून तयार केलेली आहे.

नऊ दिवसांनी, २४ जुलैला, व्हिक्टोरिया पुन्हा रुग्णालयात. या वेळी नॉर्थ मिडलसेक्स. चेहरा आणि डोकं भाजलेलं. कुआओ म्हणाली, खाज थांबावी म्हणून पोरीने स्वतःच डोक्यावर कढत पाणी घेतलं. मागच्या रुग्णालयातलं निदान आता कुआओच्या तोंडी साक्षीसारखं आलं.

इथे ती तेरा रात्री राहिली. इंग्लंडमधले तिचे बरे दिवस तेवढेच. वॉर्डात ती सगळ्यांची लाडकी झाली. छान कपडे घालून गिरक्या घेत फिरायची, परिचारिकांच्या मागे मागे असायची. अंघोळ घालताना परिचारिकांना अंगावर जुने-नवे वळ दिसले, त्यातला एक पट्ट्याच्या बकलाच्या आकाराचा. कुआओ भेटायला आली की ही पोर कवायतीत उभी राहावी तशी ताठ उभी राही. तिने अंथरुणाजवळ उभ्या उभ्या लघवी केल्याचंही पाहिलेलं आहे. ते आई-मुलीचं नातं वाटत नाही, मालकीण आणि मोलकरणीचं वाटतं, असं वॉर्डात बोललं जात होतं. बोललं जात होतं. लिहिलं गेलं फार थोडं. एका पाळीतल्या परिचारिकेने पाहिलेलं दुसऱ्या पाळीला ठाऊक नव्हतं. मुख्य डॉक्टरांना तर छळाचा संशय होता. पण राउंडच्या वेळी त्यांनी टिपणात 'घरी सोडता येईल' अशा अर्थाची नोंद केली. शरीराने बरी आहे, एवढंच आपल्याला म्हणायचं होतं, असं त्यांनी पुढे सांगितलं. वाचणाऱ्याने त्याचा अर्थ घेतला: डॉक्टरांची हरकत नाही.

आता प्रकरण हॅरिंगेकडे. एक सोशल वर्कर आणि एक पोलीस अधिकारी, दोघीही बायका. ४ ऑगस्टला दोघींनी मॅनिंगच्या घरी जाऊन पाहणी करायची ठरलं होतं. ज्या नळाच्या पाण्याने पोर भाजली तो नळ, ती मोरी, सगळं बघायचं होतं. त्या गेल्या नाहीत. खरूज लागेल ही भीती! हसावं की रडावं कळत नाही, पण चौकशीत हेच कारण पुढे आलं. दुसऱ्या दिवशी कुआओलाच कचेरीत बोलावून तिचं म्हणणं ऐकून घेतलं, ते पटलं. ६ ऑगस्टला रुग्णालयात मुलीशी काही मिनिटं बोलणं झालं, तेही इंग्रजीत. मुलीची भाषा फ्रेंच. दुभाषा बोलावला नव्हता. त्याच दिवशी ती कुआओबरोबर घरी गेली.

या सोशल वर्करने पुढच्या सगळ्या महिन्यांत व्हिक्टोरियाला एकूण चारदा पाहिलं. चारही वेळा मिळून अर्धा तासही भरत नाही. तिच्यावर दात खाण्याआधी तिची बाजूही बघावी. नोकरीला लागून दीड-एक वर्ष झालेलं, हातात १९ केसेस, असल्या चौकशीचा अनुभव जवळजवळ नाही. वरिष्ठांनी दर काही दिवसांनी बसवून तिच्याशी केसबद्दल बोलायचं, ही त्या पेशातली शिस्त. पण तिच्या वरिष्ठ बाई त्या वेळात स्वतःच्याच आयुष्याबद्दल आणि देवाबद्दल बोलत, असं तिने सांगितलं. याच वरिष्ठ बाईंनी पुढे चौकशीपुढे यायचं टाळलं म्हणून त्यांना ५०० पौंड दंड झाला. कुआओसमोर मुलगी ताठ उभी राहते हे सोशल वर्करच्या कानावर आलं होतं. ती स्वतः आफ्रो-कॅरिबियन घरातली. आपल्याकडे मुलं मोठ्यांपुढे अशीच आदराने वागतात, असं तिने मानलं. आयव्हरी कोस्ट आणि कॅरिबियन यांच्यामध्ये अख्खा अटलांटिक आहे. पण कातडीचा रंग एक म्हणून घरची रीतही एक, हा हिशेब खात्यानेही सहज मान्य केला.

१६ ऑगस्टला ती पहिल्यांदा घरी गेली, आधी कळवून. घर स्वच्छ होतं. दुसऱ्यांदा गेली २८ ऑक्टोबरला, तेव्हाही कळवून. बोलणं पुन्हा नव्या घराबद्दलच. मधेच ती सात वर्षांची पोर उसळून ओरडली: तुम्ही माझा आणि माझ्या आईचा मान ठेवत नाही, आम्हाला घर का देत नाही, असा त्याचा आशय. सोशल वर्कर चकित झाली. पढवलेलं असावं, हे कुणालाही कळेल. का पढवलं असावं, हा प्रश्न पुढे गेला नाही. त्या ऑक्टोबरात व्हिक्टोरियाचं अंथरूण न्हाणीघरात हललं होतं. पुढे थंडीत, ऊब नसलेल्या, दिवा नसलेल्या न्हाणीघरात, हातपाय बांधून, काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिला टबमध्ये निजवत. सोशल वर्कर ज्या खोलीत बसली होती तिथून ते न्हाणीघर चार पावलांवर. पोर निजते कुठे ते दाखवा, एवढं म्हणायचं होतं.

त्या भेटीत कुआओला कळलं की ज्यांच्या मुलांना गंभीर धोका आहे अशांनाच घर मिळतं. तिने १ नोव्हेंबरला कचेरीत येऊन मॅनिंगने मुलीशी लैंगिक चाळे केल्याची तक्रार केली. दुसऱ्या दिवशी ती मागे घेतली. मागे घेतली की चौकशी संपते असा नियम नाही, उलटच आहे. पण चौकशी झाली नाही. डिसेंबर-जानेवारीत सोशल वर्कर तीनदा दारापर्यंत जाऊन आली. आतून ओ आली नाही. बहुधा फ्रान्सला परत गेले असावेत, असा अंदाज फाइलीत शिरला आणि अंदाजाची माहिती झाली.

कुआओ त्या काळात पोरीला चर्चमध्ये नेत होती. मुलीला सैतानाने झपाटलंय, असं तिने सांगितलं, आणि पाद्र्यांनीही ते मानलं. २४ फेब्रुवारीला एका पाद्र्याने मात्र हिला रुग्णालयात न्या असं सांगितलं. टॅक्सीवाल्याने पोरीची दशा बघून गाडी थेट रुग्णवाहिकेच्या ठाण्यावर घातली. शरीराचं तापमान २७ अंश. दुसऱ्या दिवशी ती गेली.

त्याच दिवशी, २५ फेब्रुवारी २००० ला, हॅरिंगेच्या कचेरीत तिची फाइल बंद करण्यात आली. वारल्याची खबर पोचली म्हणून नव्हे. पुढे करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून.

कुआओ आणि मॅनिंग यांना १२ जानेवारी २००१ रोजी जन्मठेप झाली. त्यानंतर लॉर्ड लॅमिंग यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली. दक्षिण लंडनमधल्या एलिफंट अँड कासल भागातल्या हॅनिबल हाउस या सरकारी इमारतीत सुनावणी चाले. क्लिंबिए दांपत्य तिथे येऊन बसे. आपल्या मुलीच्या आयुष्याचे दहा महिने त्यांना परक्यांच्या तोंडून कळले. अडीचशेहून जास्त साक्षीदार झाले. लॅमिंग स्वतः समाजसेवा खात्यांचे माजी मुख्य निरीक्षक. त्यांना कामाची खाचखोच ठाऊक होती. तिला वाचवता येईल असे १२ प्रसंग त्यांनी मोजून दाखवले, आणि त्यांतल्या बहुतेकांना फार मोठी अक्कल लागली नसती: जाऊन बघणं, विचारणं, लिहून ठेवणं, फोन करणं. सगळ्यात कडक शब्द त्यांनी वरिष्ठांसाठी राखून ठेवले. आपल्याला काही कल्पनाच नव्हती, असं साहेब लोक एकामागून एक सांगत होते, आणि त्यांतले काही तोवर जास्त पगाराच्या जागी गेलेही होते. खालची सोशल वर्कर बडतर्फ झाली. मुलांबरोबर काम करायला तिच्यावर घातलेली बंदी २००५ मध्ये लवादाने उठवली.

हे सगळं नवं होतं का? या घटनेच्या आधीच, १९९९ मध्ये, आयलीन मन्रो या अभ्यासक बाईंनी १९७३ ते १९९४ मधले असे ४५ चौकशी अहवाल एकत्र वाचले होते. माणसं आपलं पहिलं मत लवकर सोडत नाहीत, हे त्यांना पुन्हा पुन्हा दिसलं. नवी माहिती आली तर ती पहिल्या मताच्या मापाने कापली जाते. आणि १९८३ मध्ये रॉबर्ट डिंगवॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याहून खोल गोष्ट मांडली होती. पालकाच्या वागण्याचा शक्य तितका बरा अर्थ लावायचा, ही सोशल वर्करच्या स्वभावातली कमजोरी नाही. समाजाने घातलेली अट आहे. दुसऱ्याच्या उंबऱ्याच्या आत शिरायचा परवाना खात्याला मिळतो तो याच अटीवर, की घरात शिरताना घरच्यांवर विश्वास ठेवायचा. प्रत्येक दारात पोलिसासारखा उभा राहणारा माणूस कुणालाच नको असतो. मला वाटतं, खरूज, हद्दी, भाषा, १९ केसेस हे सगळं या एका अटीवर उभं राहतं.

जानेवारी २००३ मध्ये लॅमिंग अहवाल आला, शिफारशी १०८. त्यातून २००४ चा कायदा, मुलांसाठी स्वतंत्र आयुक्त, शिक्षण आणि समाजसेवा मिळून एक संचालक. आणि संगणक. नोंद राहिली नाही म्हणून मूल गेलं, तर आता एकही नोंद सुटता कामा नये. रकाने, मुदती, खुणा.

३ ऑगस्ट २००७ रोजी पीटर कॉनेली हा सतरा महिन्यांचा मुलगा मेला. पाठीचा कणा मोडलेला, अंगावर ५० हून जास्त जखमा. वर्तमानपत्रांनी त्याला बेबी पी म्हटलं. बरो तीच, हॅरिंगे. या वेळी नोंदी होत्या, ढीगभर. आठ महिन्यांत खात्याच्या आणि दवाखान्याच्या माणसांनी त्याला साठेक वेळा पाहिलं होतं. मरणाच्या चार दिवस आधी सोशल वर्कर घरी आली तेव्हा चेहऱ्यावरचे वळ लपवायला आईने पोराच्या तोंडाला चॉकलेट फासून ठेवलं होतं. सोशल वर्करने तोंड पुसायला सांगितलं. ते पुसलं गेलं नाही, आणि भेट संपली.

या वेळी जनता खवळली. एका खपाच्या दैनिकाच्या अर्जावर बारा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मंत्री एड बॉल्स यांनी टीव्हीवर, थेट प्रक्षेपणात, हॅरिंगेच्या संचालिका शॅरन शूस्मिथ यांना पदावरून हटवलं. २०११ मध्ये अपील न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. दरम्यान देशभरच्या खात्यांनी धडा घेतला, तो असा की मुलं घरातून काढायचे अर्ज झपाट्याने वाढले. त्यातले किती गरजेचे आणि किती आपली नोकरी वाचवायला, हे फाइलीवरून कसं कळणार? सरकारने मग मन्रोबाईंनाच बोलावलं. २०११ च्या त्यांच्या अहवालात चित्र असं की सोशल वर्करचा बराचसा वेळ संगणकापुढे जातो आणि मुदती पाळल्या की काम झालं असं मानलं जातं. मुलाजवळ बसायला उसंत उरत नाही. रकाने कमी करा, असं त्यांनी सुचवलं.

व्हिक्टोरियाच्या प्रकरणातून निघालेल्या सगळ्या गोष्टींत महागडी होती 'काँटॅक्टपॉइंट' ही यादी. इंग्लंडमधल्या अठराखालच्या प्रत्येक मुलाचं, म्हणजे एक कोटी दहा लाखांच्या आसपास मुलांचं, नाव, पत्ता, जन्मतारीख, शाळा, डॉक्टर एका ठिकाणी. डॉक्टरने, पोलिसाने, सोशल वर्करने नाव घालायचं की या मुलाशी आणखी कुणाकुणाचा संबंध आला आहे ते समोर दिसायचं. उभारणीचा खर्च २२ कोटी ४० लाख पौंड. २००९ मध्ये ती सुरू झाली, आणि ऑगस्ट २०१० मध्ये नव्या सरकारने बंद केली. ती चालू राहायला हवी होती की नाही, यावर तिकडे अजून वाद घालतात. व्हिक्टोरिया शाळेत नव्हती. तिच्या तीन महिन्यांत तीन बरो झाल्या होत्या. आणि नावाच्या रकान्यात सगळ्यांनी अ‍ॅनाच लिहिलं असतं.